दुसरी सही

“आज मी नाही जाणार खाली, हां. काल पण मीच गेली होती. कोपरं बघा माझे, काळे पडून गेले.”

“तो कौन जाएगा? म्हारी कमर देखी है? मैं नीचे गई तो निकालने को क्रेन बुलानी पड़ेगी.”

“मग ताईंना सांगा ना.”

“तू बोल.”

“मी का? तुम्ही मोठ्या आहात.”

“ताई को बोलना मतलब उनको बोलना. रहने दे, ईशानी. आज मैं ही घुस जाऊँगी.”

ही कुरकुर माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर चालली होती. कंपनीची बस धारच्या घोडा चौपाटी चौकातून पावणेसहाला सुटते. तिच्या खिडक्या बंद होत नाहीत, म्हणून मी तोंडावरून शाल ओढून बसले होते. एरवी मी ड्रायव्हरच्या मागे बसते. त्या दिवशी ती जागा कुणाच्या तरी पिशवीनं धरून ठेवली होती, म्हणून मागे गेले. पुढच्या सीटवरच्या दोघींना वाटलं असणार, मागे कुणी तरी झोपलंय.

ज्या ताईंना सांगायचं नव्हतं त्या ताई म्हणजे मी, माधवी. पीथमपुरातल्या एका औषध कंपनीत पॅकिंग हॉलमध्ये चौदा वर्षं झाली मला, आणि तीन महिन्यांपासून पहिल्या शिफ्टची इन्चार्ज आहे. पुढे बसलेली ईशानी बावीस वर्षांची, धारचीच. घरी मराठी आणि शाळा हिंदी, त्यामुळे तिचं मराठी पोह्यांवर शेव जास्त झाल्यासारखं आहे, पण मला गोड वाटतं. तिच्या कानामागे रंगपंचमीचा गुलाबी रंग अजून तसाच होता. शेजारी जानकीबाई, पन्नाशी उलटलेल्या, पक्क्या माळव्याच्या. मी कामाला लागले तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला त्यांनीच शिकवलं.

खाली म्हणजे कुठे आणि ‘उनको’ म्हणजे कुणाला, ते मला कळलं नाही. पुढे वाकून विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्याऐवजी त्या दिवशी दोघींची अर्धी कामं मीच उरकून टाकली. खोक्यांचे गठ्ठे मी आणले, लेबलांचे रोल मी चढवले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मला वाटलं, चला, कुरकुर मिटली.

माझी पद्धत ही अशी आहे. टेप संपली की मी आणते. कुणी फॉर्मचा रकाना रिकामा सोडला तर त्याला विचारून मी भरते. कुणाला बरं नसलं तर त्याच्या जागी मी उभी राहते. सगळे म्हणायचे, ताईंसारखी इन्चार्ज नाही, आणि मी ते कौतुक समजून घरी न्यायची.

इन्चार्ज झाल्यावर कंपनीनं मला दोन दिवस इंदूरच्या एका हॉटेलात शिकायलाही पाठवलं होतं. लोकांकडून काम कसं करून घ्यावं, हा विषय. शिकवणाऱ्या बाई गालाशी माइक लावून फिरत होत्या. एका खेळात डोळे मिटून पाठीमागे पडायचं होतं आणि मागच्यांनी झेलायचं होतं. माझं नाव आलं तेव्हा म्हटलं, मॅडम, मी झेलते. तीनदा नाव आलं, तिन्ही वेळा मी झेलायलाच उभी राहिले. मी वहीत चार पानं लिहून आणली. कामं वाटून द्या. लोकांचं ऐका. अवघड बोलणं पुढे ढकलू नका. अक्षर सुरेख आलं होतं. वही कपाटात साड्यांच्या खाली आहे.

आता दत्तोपंत काकांबद्दल सांगायला हवं.

काका देवासचे. कंपनीचा जुना कारखाना देवासला होता. तो बंद झाला आणि मशिनी पीथमपुरला आल्या, तेव्हा लग्नात नवरीबरोबर पाठराखीण जाते तसे काका त्या मशिनींबरोबर आले. रोज देवासच्या बसनं येतात. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. हॉलमधल्या प्रत्येकाला मशिनीवर पहिल्यांदा त्यांनीच उभं केलंय. इन्चार्ज खरं तर तेच व्हायचे. पण नोंदी कॉम्प्युटरवर आल्या, ते जमेना, तेव्हा स्वतः साहेबांकडे जाऊन त्यांनी माझं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी माझ्यासमोर येऊन हात मागे बांधून उभे राहिले.

“बोला इन्चार्जबाई, काय हुकूम?”

मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडले. इन्चार्जनं हॉलच्या मधोमध कुणाच्या पाया पडावं की नाही, हे त्या चार पानांत कुठे नव्हतं.

आमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला अगदी फालतू आहे. एका औषधाची बॅच संपली की दुसरी सुरू करण्याआधी लाइन रिकामी करायची. रिकामी म्हणजे शेवटच्या पट्टीपर्यंत रिकामी. एकाच गोळीच्या पाच मिलिग्रॅमच्या आणि दहाच्या पट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. दहाची एखादी पट्टी बेल्टच्या खालच्या कडेवर अडकून राहिली आणि वर पाचची बॅच सुरू झाली, तर लाइनवरच्या एखाद्या मुलीला ती दिसते. ती म्हणते, अगं, खाली पडली वाटतं, आणि उचलून खोक्यात घालते. खोकं जातं कुठल्या तरी म्हातारीच्या घरी. ही रक्तदाबाची गोळी माझी आई रोज घेते, पाचची. तिला दहाची गेली तर सकाळी ती मोरीपर्यंतसुद्धा पोहोचणार नाही.

म्हणून ह्या कामाला दोन सह्या लागतात. पहिली, लाइन साफ करणाऱ्याची. ती काकांची. दुसरी, त्याच्यामागून पुन्हा नव्यानं सगळं तपासणाऱ्याची. ती माझी. त्यावर गुणवत्ता विभागाचा अनीश आपली सही ठोकतो.

काका काम झालं की कागद पुढे करायचे, पेनाचं टोपण काढून द्यायचे आणि म्हणायचे, “झालं. घे.” आता त्यानंतर त्यांच्यादेखत जमिनीवर बसून बेल्टखाली डोकं घालायचं? सासूबाईंनी घासून ठेवलेलं पातेलं त्यांच्यासमोर पुन्हा घासायला घेण्यासारखंच झालं ते. तीन महिन्यांत मी एकदाही वाकून पाहिलं नाही. सही केली. अनीशही वरून टॉर्च फिरवायचा आणि म्हणायचा, “काका ने किया है ना? फिर क्या देखना.”

बसमधल्या कुरकुरीनंतर तीन दिवसांनी दहाची बॅच संपून पाचची लागायची होती. सह्या झाल्या. काका हात धुवायला गेले. लाइन सुरू व्हायला दहा मिनिटं होती, आणि मला दिसलं की टेप संपलीय. नवीन रोल खालच्या फळीवर असतो. तो घ्यायला मी वाकले आणि माझं कपाळ धाडकन कुणाच्या तरी कपाळावर आपटलं.

ईशानी. बेल्टच्या खाली कुशीवर आडवी पडलेली, टोपी एका कानावर.

“अगं, इथे काय करतेस?”

“ताई, माझी बाली पडून गेली.”

आमच्या हॉलमध्ये दागिना घालून येता येत नाही. मंगळसूत्रसुद्धा बाहेर कपाटात निघतं. बोलून झाल्यावर ईशानीलाही ते आठवलं. मग तिनं मूठ उघडली. मुठीत तीन पट्ट्या होत्या, दहाच्या. आणि पाचच्या बॅचवर माझी सही होऊन पाच मिनिटं झाली होती.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत मी दोघींना बसवलं. जानकीबाईंनी आधी दार लावलं.

“ताई, काका के घुटने गए,” त्या हळूच म्हणाल्या. “एक दिन मशीन के पीछे बैठे थे. पाँच मिनट, दस मिनट, आधा घंटा. मैंने सोचा, भिया, ये जप कर रहे हैं क्या. जाकर देखा तो उठ ही नहीं पा रहे थे. मैंने और इसने बगल में हाथ डालकर उठाया. बोले, जानकी, यह बात यहीं रहे.”

“तेव्हापासून आम्ही बारी लावली,” ईशानी म्हणाली. “सोमवारी ह्या, मंगळवारी मी. असं. ते सही करून हात धुवायला जातात ना, तेव्हा आम्ही खाली घुसून जातो. लपवायचं काही नव्हतं ताई, खरंच. गोळी चुकायला नको, आणि काका पण...”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

जानकीबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. “आपको क्या बोलते? आप तो सही कर चुकी होती थीं.”

गोदामातल्या शालिग्रामजींची आठवण तिघींनाही एकाच वेळी झाली असणार. मागच्या वर्षी त्यांच्या कमरेचं वरच्या साहेबांना कळलं. थोडा आराम करा, म्हणून त्यांना घरी पाठवलं, आणि आरामातच त्यांना कामावरून काढल्याचं पत्र आलं. काकांचे अकरा महिने बाकी होते.

“बरं,” मी म्हटलं, “उद्यापासून तुम्ही कुणी खाली जायचं नाही. मी जाईन.”

ईशानी माझ्याकडे बघत होती. “ताई, मला वाटून राहिलं होतं की तुम्ही काही तरी कराल.”

“करतेय ना.”

“हां,” ती म्हणाली, आणि टोपी सरळ करून निघून गेली.

तर अशी मी इन्चार्ज होऊन बेल्टखाली घुसायला लागले. आधी सही, मग काका हात धुवायला, मग मी जमिनीवर. खाली गेल्यावर एक गोष्ट कळली. काका फार सावकाश हात धुतात. इतका वेळ हात धुणारा माणूस मी डॉक्टरांतसुद्धा पाहिला नाही. आणि यायच्या आधी दारापाशी एकदा खोकतात. म्हणजे आम्हाला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे जानकीबाईंना. सगळा हॉल अगदी व्यवस्थित, वेळापत्रक लावून, काही न बोलता चालला होता.

माझ्याही गुडघ्यांचं वय झालंय. चार दिवसांत उठताना आवाज यायला लागला. तेव्हा ठरवलं, रविवारी देवासला जायचं आणि काकांशी घरी बोलायचं. हॉलमध्ये नाही, चारचौघांत नाही. घरी, चहा घेताना, नीट. बसमध्ये वाक्यं जुळवत गेले. ‘काका, राग मानू नका, पण...’ इथपर्यंत छान जुळलं होतं.

दार सावित्रीबाई काकूंनी उघडलं. “अगोबाई, माधवी! ये ये. अहो, तुमच्या इन्चार्जबाई आल्या!”

काका गॅलरीत खुर्चीवर होते. खुर्चीवर एकावर एक दोन उशा. समोर टेकडी दिसत होती. दर शुक्रवारी पायऱ्या चढून देवीला जाणारा हा माणूस. प्रसादाचा नारळ शनिवारी आमच्या डब्यांत यायचा.

“ह्या शुक्रवारी गेला होतात?” मी विचारलं.

“छे. रोपवे झाल्यापासून चढण्यात मजा राहिली नाही बघ. सगळे आपले पाळण्यात बसून वर. मी इथूनच हात जोडतो.”

काकू चहात साखर ढवळत होत्या. ढवळतच राहिल्या.

हात धुवायला आत गेले तर देवघर जागेवर नव्हतं. त्यांचे देव जमिनीलगतच्या कोनाड्यात असत, समोर पाट. आता सगळे देव भिंतीवरच्या फळीवर, छातीच्या उंचीला बसवले होते. तिथेच समई, तिथेच ताम्हन. पाट कुठे दिसेना.

“देव वर नेले वाटतं?”

“हे म्हणाले, देव उंचावर बरे. मी म्हटलं, बरे.” काकूंनी पदरानं फळीची कड पुसली. ती पुसायची काही गरज नव्हती. “पाट माळ्यावर टाकले. आता पाटावर बसणारे पाहुणे येतात कुठे?”

ह्याही आमच्याच हॉलमधल्या, माझ्या मनात आलं, नुसती टोपी नाही डोक्यावर.

चहा झाला, चिवडा झाला. काकांनी विचारलं, ईशानीचा हात बसला का, अनीश अजून घाईच करतो का. मी उत्तरं देत होते आणि माझं वाक्य शोधत होते. मग मध्येच त्यांनी बशी हातात तशीच धरून विचारलं, “माझ्यामागून तू बघतेस ना गं, नीट?”

आत्ता बोलायचं होतं. दार उघडून कुणी ‘या’ म्हणावं तसं ते वाक्य होतं.

“तुम्ही केल्यावर काय बघायचं, काका?” मी म्हटलं. आणि वर हसलेसुद्धा.

काकांनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा होता. “हं,” म्हणाले, आणि टेकडीकडे बघत बसले.

निघताना काकूंनी पिशवीत लाडवांचा डबा घातला आणि जिन्यापर्यंत आल्या. “काही बोलायला आली होतीस का गं?”

“नाही हो काकू. सहजच.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

इंदूर येईपर्यंत मी विचार करत होते, काकांनी चहा अर्धा का टाकला असेल. साखर कमी होती का. माणूस स्वतःशीसुद्धा किती चिकाटीनं खोटं बोलू शकतो, ते मला त्या बसमध्ये समजायला हरकत नव्हती. पण नाही समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची बॅच संपली. काकांनी लाइन साफ केली, “झालं. घे,” म्हणाले, मी सही केली. आणि तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. म्हटलं, पाच मिनिटांत येते आणि मग खाली जाते. कुणाला सांगितलं नाही. मी सांगत नाही कधी.

साहेबांनी बसवलं. मला इन्चार्ज म्हणून कायम करायचा कागद पुढ्यात होता. त्यांनी खुशीत सगळे मुद्दे वाचून दाखवले, मग कुणाचा तरी फोन आला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. “आपकी शिफ्ट में एक भी गड़बड़ नहीं, माधवीजी. ऐसे ही चलाती रहिए.” पाऊण तास गेला.

परत आले तेव्हा लाइन चालू होती.

चालू असणारच. कागदावर तिन्ही सह्या होत्या. ईशानीला मी खाली जायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि तिनं ऐकलं होतं. खोकी भरून पुढे सरकत होती आणि सगळ्यांचे हात पटपट चालले होते. मी कुणाशी न बोलता लाइनच्या मधोमध गुडघे टेकले आणि डोकं खाली घातलं.

कडेवर एक पट्टी होती. दहाची.

एकच होती, पण त्यानं काय होतं? पाऊण तासापूर्वी तिथे किती होत्या, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. दोन असतील. चार असतील. कुणी तरी मनापासून, नीटनेटकं काम म्हणून, उचलून खोक्यात ठेवली असेल.

मी उठले आणि लाल बटण दाबलं.

एवढा मोठा आवाज एकदम बंद झाला की माणसं आपोआप आवाज खाली आणतात. अनीश कोपऱ्यातल्या टेबलावरून धावत आला.

“क्या हुआ, ताईजी?”

मी तळहात उघडला. त्यानं पट्टी पाहिली, मग मला पाहिलं, आणि मास्क ओढून माझ्या कानाशी आला. “रिजेक्ट पट्टियों का डिब्बा उलट गया होगा. वैसा लिख देते हैं. नहीं तो ग्यारह सौ खोके खोलने पड़ेंगे. और देखिए, सही आपकी है. मेरी भी है.” मग आणखी हळू, “काका की भी है.”

त्यानं तिकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. तीस माणसं आपापल्या हातमोज्यांकडे बघत होती. काका लाइनच्या त्या टोकाला टेबलाची कड धरून उभे होते.

डबा उलटला असं लिहिणं सोपं होतं. मला कायम करायचा कागद वर टेबलावर होता, त्यावर साहेबांची सही व्हायची होती. काकांचे अकरा महिने निघून गेले असते. आणि त्या अकराशे खोक्यांतलं एखादं धारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात आलं असतं. आईला डोळ्यांना चष्मा लावूनसुद्धा पाच आणि दहा वाचता येत नाही. तिला पट्टीचा रंग कळतो, आणि रंग दोन्हींचा सारखाच.

“खोकी उघडायची,” मी म्हटलं. “सगळी. आणि अनीश, लिहा: दुसरी तपासणी झालेली नव्हती. सही माझी आहे.”

“ताईजी...”

“लिहा हो.”

मग मी वळले. एवढ्या लोकांपुढे बोलायची मला सवय नाही. पहिलं वाक्य हिंदीतून करावं की मराठीतून, तेच सुचेना.

“ऐका. सुनो सब लोग. तीन महिने झाले, मी प्रत्येक बॅचला दुसरी सही केली. एकदाही वाकून पाहिलं नाही. एक बार भी नहीं. गेला आठवडाभर मी खाली जात होते, तेसुद्धा सही झाल्यावर, चोरून. ते काम नव्हतं. ती माझी सोय होती. म्हणजे मला कुणाला काही विचारावं लागू नये म्हणून.”

कुणी तरी हातमोजा काढला, परत घातला.

“आता लाइन पुन्हा साफ करायची, आणि ह्या वेळी बोलून करायची. जो जे बघतो, जे खरंच बघतो, त्यानं मोठ्यानं सांगायचं. कागदावर काय आहे ते नको. कोण काय बघतं?”

मला वाटलं, संपलं, आता कुणी बोलणार नाही आणि मीच एकेकाचं नाव घेऊन त्याच्या वतीनं उत्तर देणार.

“खाली मी,” ईशानी म्हणाली. आवाज चिरका निघाला. ती खाकरली. “बेल्टच्या खाली मी पाहून राहिली होती. पाच महिने. पुढे पण मीच बघेन, पण सहीच्या आधी.”

“पीछे की तरफ मैं,” जानकीबाई म्हणाल्या. “डब्बे के पीछे भी. कमर गई चूल्हे में.”

दोघीतिघी हसल्या.

अनीश पेन हातात धरून उभा होता. लिहायचं थांबला होता. “मैं ऊपर से टॉर्च घुमाता हूँ,” तो म्हणाला. “बस. नीचे कभी नहीं देखा. किसी ने सिखाया था कि झुककर देखना, पर...” पुढचं तो बोलला नाही. कुणी शिकवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“वरचं कोण बघणार?” मी विचारलं. “खोक्यांवरचे नंबर, छपाई, मोजलेल्या पट्ट्यांचा मेळ. एका जागी बसून, डोळ्यांत तेल घालून करायचं काम आहे. ह्या हॉलमध्ये ते सगळ्यात चांगलं कुणाला जमतं?”

ह्या वेळी लोक हातमोज्यांकडे बघत नव्हते, पण काकांकडेही बघत नव्हते. आता मात्र मी बघितलं. आजवर मी त्यांच्याकडे नेहमी पायांपासून बघायला सुरुवात केली होती. त्या दिवशी सरळ तोंडाकडे पाहिलं. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते.

“काका, तुमच्यामागून मी बघितलं नाही. मला वाटायचं, तो तुमचा मान आहे. काल तुम्ही घरी विचारलंत, तेव्हाही मी टाळलं. चुकलं माझं.” थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. “वर काय लिहून जाईल आणि पुढे साहेब काय म्हणतील, ते मला माहीत नाही. जे होईल ते तुमच्याबरोबर माझंही होईल. पण आता तुमच्या वतीनं मी बोलणार नाही. तुम्ही काय बघता, ते तुम्हीच सांगा.”

काकांनी टेबलाची कड सोडली. दोन पावलं पुढे आले, हळू, एकेक पाय जमिनीवर नीट टेकत. इतके महिने त्यांना चालताना कुणी बघत नसे. त्या दिवशी सगळ्यांनी उघड बघितलं, आणि त्यांनी बघू दिलं. लाइनच्या मधोमध येऊन त्यांनी मास्क खाली ओढला. हॉलमध्ये मास्क काढायचा नसतो, हा नियमही आम्हाला त्यांनीच शिकवलेला.

“दर वेळी कागद तुझ्या हातात द्यायचो,” ते म्हणाले, “आणि वाटायचं, आज तरी ही वाकून बघेल. म्हणजे मला सांगावं लागणार नाही.”

त्यांनी एकदा बेल्टकडे पाहिलं, एकदा ईशानीच्या कोपरांकडे.

“दिवाळीपासून माझ्याच्यानं वाकवत नाही, माधवी.”